राखीव यादीतली मी

कल्पेश, मेल आलाय.

स्पर्धकाची एक जागा रिकामी झाल्यामुळे राखीव यादीतल्या पहिल्या उमेदवाराला, म्हणजे मला, निमंत्रण देताना त्यांना आनंद होतोय. इंग्रजीत जरा बरं वाटतं, मराठीत आणलं की असंच होतं. रिकामी झालेली जागा तुझी. तू गेल्याचं आपल्या पियानोच्या मॅडमनीच त्यांना कळवलं होतं. त्यांनी मॅडमना दुःखाच्या चार ओळी पाठवल्या आणि मला आनंदाच्या. चिडून उपयोग नाही, अशा मेलचे साचे तयारच असतात. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय.

तुझं बारावं नुकतंच झालं होतं. मेल वाचला आणि सवयीने तुझा नंबर काढला. लावणारच होते. अशी बातमी आली की पहिला फोन तुला, हे माझ्या बोटांना पाठ झालंय, त्यांना कोण समजावणार? मग फोन पालथा ठेवला, स्वयंपाकघरात जाऊन मम्मीच्या हातातली मेथीची जुडी घेतली आणि निवडत बसले. नंतर पाहिलं तर मी काड्या पातेल्यात आणि पानं कचऱ्यात टाकली होती.

लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलतायत रे. करावे गावाच्या नाक्यावर तुझा बॅनर लागलाय. सूट घातलेला फोटो, खाली 'आंतरराष्ट्रीय पियानोवादक'. तू पाहिला असतास तर हसून हसून लोळला असतास. याच गावात परवापरवापर्यंत तुला 'बेंजोवाल्याचा पुतन्या' म्हणायचे. बॅनरवर तुझे केस कुणीतरी कॉम्प्युटरवर चापून बसवलेत. तो मुलगा मला ओळखीचा वाटत नाही. मला तो हवाय ज्याचे केस कायम उभे असायचे आणि जो खिशात चिंचा घेऊन क्लासला यायचा.

सीवूड्सला मॅडमच्या हॉलमध्ये आपण पहिल्यांदा भेटलो. पप्पा मला कामोठ्याहून घेऊन आले होते. मी तोपर्यंत विहारातल्या गायन पार्टीत पप्पांच्या मांडीला मांडी लावून पेटी शिकलेली. पेटी म्हणजे उजवा हात सुरांवर आणि डावा हात भात्यावर. पियानोसमोर बसले, उजवा हात धावायला लागला आणि डावा आपला मागेपुढे, मागेपुढे. मॅडमना कळेना, ही पोरगी करतेय तरी काय. कोपऱ्यातल्या खुर्चीत तू तुझ्या तासाची वाट पाहत बसला होतास. फिसकन हसलास. "मॅडम, ती हवा भरते. पेटीवाली हाय." मला असा राग आला की तासभर मी तुझ्याकडे मान वळवून पाहिलं नाही. पण माझ्या हाताचं काय चाललंय ते त्या खोलीत फक्त तुलाच कळलं होतं, हेही माझ्या लक्षात राहिलं.

तुझं तरी काय वेगळं होतं म्हणा! तू काकांच्या बेंजोपार्टीत वाढलेला, हळदीच्या मांडवात कीबोर्ड बडवून हात तयार झालेला. मॅडम एखादी संथ रचना द्यायच्या आणि तू ती अशी उचलायचास, की आता नवरदेवाचा मामा नाचायला उठणार. मॅडम कपाळाला हात लावून म्हणायच्या, "कल्पेश, हळद संपली. पाहुणे घरी गेले. आता जरा हळू, बाबा." तू दोन ओळी हळू वाजवायचास आणि तिसऱ्या ओळीला पाहुणे परत यायचे.

मग मॅडमनी आपल्याला एका बाकावर बसवलं. एकाच पियानोवर चार हातांनी वाजवायचे तुकडे दिले. माझा आळशी डावा हात तुझ्या शेजारी जागा व्हावा आणि तुझा धसमुसळेपणा माझ्या शेजारी उतरावा, असा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर आला. किती वर्षं आपण तसे बसलो, तुझं कोपर माझ्या कोपराला लागायचं आणि दोघांपैकी कुणीच बाजूला सरकायचं नाही. आता सांगायला काय हरकत आहे? मला ते आवडायचं. तू आवडायचास. तुझ्या घरी काय म्हणतील आणि माझ्या घरी काय म्हणतील हे दोघांनाही न बोलता माहीत होतं, म्हणून आपण तो विषय नेहमी पुढच्या महिन्यावर टाकला.

तुझ्या घरच्या पियानोची मला फार आठवण येते. तुझ्या बाबांच्या बिल्डिंगमधला कुणी भाडेकरू परदेशात जाताना सोडून गेलेला. बाहेरच्या ओट्यावर सुकट वाळत घातलेली, आत हा काळा पियानो. खाडीच्या दमट हवेने त्याच्या पट्ट्या फुगून अडकायच्या, म्हणून मॅडमच्या सांगण्यावरून तुम्ही त्याच्या पोटात एक पिवळा बल्ब लावून ठेवला होता. तुझ्या आई तो बल्ब रोज न चुकता लावायच्या. देवाजवळ दिवा लावायचा राहिला तरी चालेल, पण याच्या पोटात उजेड हवा. एकदा म्हणाल्या होत्या, "त्याला थंडी वाजते तं तो रडका वाजतो." खरंच रडका वाजायचा रे. त्या पियानोवर तयारी करून आपण जगातल्या पोरांशी टक्कर द्यायला निघालो होतो, हे आठवलं की हसू येतं.

त्या स्पर्धेचं नाव घेतलं की मॅडम आपोआप ताठ बसायच्या. चीनपासून रशियापर्यंतची पोरं तिथे येतात. पाच-सहा वर्षांची असल्यापासून दिवसदिवस वाजवणारी, ज्यांच्या आजोबांच्या घरातही पियानो होता अशी. आपल्याकडून कुणी गेल्याचं मॅडमनाही आठवत नव्हतं. तरी त्यांनी आपल्या दोघांचं रेकॉर्डिंग करून पाठवलं. परीक्षक ते ऐकतात तेव्हा त्यावर नाव नसतं, नुसता क्रमांक. हे मी घरी सांगितलं तेव्हा पप्पांनी पुन्हा विचारलं, "नाव नाही म्हणजे आडनाव बी नाही?" मी म्हटलं, नाही. पप्पा त्या दिवशी जेवताना दोन भाकऱ्या जास्त जेवले.

तुला पप्पांचं हे माहीत होतं. नोकरीत सगळं आयुष्य एका शब्दाने त्यांचा पाठलाग केला. फाइल वेळेत झाली तरी राखीव, बढती मिळाली तरी राखीव, कॅन्टीनमध्ये कुणी हसून म्हटलं, "तुमचं काय साहेब, तुम्ही राखीव," तरी यांनी आपलं चहात बघायचं. घरी येऊन पेटी काढायचे. लहानपणी मला मांडीवर बसवून सांगायचे, "बाळा, ही पेटी कुणाला काही विचारत नाही. दाबलं की वाजते." पियानो म्हणजे त्यांच्या दृष्टीने मोठी पेटी. म्हणून तर त्यांनी मला इतक्या लांब क्लासला घातलं.

आणि निकाल लागला. तू निवडला गेलास आणि मी राखीव यादीत पहिली. तू पेढे घेऊन आमच्या घरी आलास. मला हेवा वाटत होता, खोटं कशाला बोलू? तुझं कौतुकही वाटत होतं आणि तुझ्या हातातला पेढ्यांचा बॉक्स खिडकीतून फेकून द्यावासाही वाटत होता. तू पप्पांच्या पाया पडलास आणि जोरात म्हणालास, "काका, हिचा पन नंबर लागलाय! राखीवमधी!"

पप्पांनी हातातला पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. मला अजून ती बोटं दिसतात.

"तिथं बी?" ते म्हणाले. "तिथं तर नाव बी नव्हतं म्हणालीस."

तुला आधी कळेचना. मग कळलं आणि तुझं तोंड एवढंसं झालं. तू घाईघाईने समजावायला लागलास, "तसा नाय काका, तसा राखीव नाय! क्रिकेटमधी बारावा खेळाडू असतो ना, तसा. कोनी पडला, कोनाला लागला, तर मग हिला आत घेतील."

"कुणी पडलं तर?"

"हां. म्हनजे समजा मी पडलो."

असं तू हसत बोललास आणि मीही हसले. आता ते वाक्य मी मनात शंभर ठिकाणी खोडून पाहते. तू सहज बोललास, माणूस बोलतो. त्याने काही होत नाही हे मला पक्कं माहीत आहे. आमच्या घरात असल्या गोष्टी कुणी मानत नाही. तरी खोडते.

मानसरोवर स्टेशनपर्यंत तुला सोडायला आले तेव्हा मी तुला फाडून खाल्लं. तो शब्द माझ्या बापासमोर कशाला काढलास? तू म्हणालास, "अगं मग रिझर्व्हला मराठीत काय बोलतात? तूच सांग." मला सांगता येईना, म्हणून आणखी राग आला. तू ऐकून घेतलंस. मग रस्त्याच्या मधोमध थांबून म्हणालास, "मित्रा, तुला लाज वाटते काय त्या शब्दाची?" संघमित्रातलं नेमकं अर्धं नाव उचलून तू मला हाक मारायचास आणि त्या हाकेने माझा राग निम्मा व्हायचा. त्या दिवशी झाला नाही.

"लाज नाही वाटत. राग येतो. लोक तो शब्द कसा उच्चारतात त्याचा राग येतो."

"मग लोकांचा राग कर ना, शब्दाचा कशाला? पप्पांना त्या जागेवर नोकरी लागली, म्हनून तू मॅडमकडं आली. आमची शेतं, मिठागरं शहरासाठी सरकारनी घेतली, तेव्हा बदल्यात आमाला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट भेटला. तेव्हा पन लोक बोलले, फुकटचा भेटला. बोलू दे! आमच्यात राखीव म्हनजे कोनीतरी आपल्यासाठी राखून ठेवलेला. चांगला असतो तो शब्द."

"तुझ्या प्लॉटवरून तुला कुणी वर्गात शेवटच्या बाकावर बसवलं नाही, कल्पेश."

तू स्टेशनाकडे चालायला लागलास. गाडी आली, तू चढलास, दारातून ओरडलास, "हा विषय संपला नाय हां! आल्यावर बोलू." आल्यावर म्हणजे स्पर्धेहून आल्यावर. मी अजूनही म्हणते की माझं बरोबर होतं. पण तुझंही थोडं बरोबर होतं आणि ते थोडं किती, हे ठरवायला तू हवा होतास. भांडण अर्ध्यावर टाकून जाणाऱ्या माणसासारखा आळशी माणूस नाही. मी एकटी दोन्ही बाजूंनी किती दिवस भांडू?

मग तुला ताप आला. सुरुवातीला सगळे म्हणाले, डेंग्यू आहे, पपईच्या पानांचा रस द्या, होईल बरा. मी हॉस्पिटलमध्ये आले तेव्हा तुझ्या उजव्या हाताला सलाईन होतं आणि डाव्या हाताची बोटं चादरीवर चालू होती. मी ओळखलं, दुसऱ्या फेरीतली रचना होती, मधला अवघड भाग. हळदीची घाई नव्हती त्यात. मला तुला सांगायचं होतं की आता बरोबर होतंय, मॅडमनी ऐकलं असतं तर खूश झाल्या असत्या. सांगितलं नाही. पेशंटचं कौतुक केलं तर त्याला वाटेल आपलं काही खरं नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. असलं शहाणपण नेमकं नको तेव्हा सुचतं.

तू मात्र माझ्याकडे पाहून डोळे बारीक केलेस. "मॅडम बोलल्या काय तुला, तयारीत राहा म्हनून?"

मी म्हटलं, हो.

"नको राहू. मी जानार हाय. तू राखीवच रहा." आणि हसलास. त्या विषयावरचं तुझं हे शेवटचं बोलणं. तुला जायचं होतं, कल्पेश. किती जायचं होतं ते मला ठाऊक आहे, कारण मलाही तितकंच जायचं होतं. आजही जायचंय. मला तिथे जाऊन वाजवायचंय. तुझ्या जागेवर नाही, माझ्या जागेवर. पण मला माझी जागा तुझ्यावाचून मिळतच नाहीये.

पप्पांना मेल दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. इंग्रजी त्यांना येतं, नोकरीभर तेच केलं. मग म्हणाले, "म्हणजे आता राखीव नाही राहिलीस?"

"नाही."

चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. "तो शब्द जावा असं फार वाटायचं मला. पण असा नको होता जायला." आणि माझ्यासमोर, पहिल्यांदा, पप्पा तुझ्यासाठी रडले. तू त्यांच्या पाया पडायचास ना, ते त्यांना आवडायचं नाही. मला म्हणायचे, त्याला सांग, पाया नको पडू, हात मिळव. मी ते तुला कधी सांगितलंच नाही.

बुधवारी करावेला गेले. तुझ्या आई ओट्यावर बसल्या होत्या. जवळ मोबाइल. मला शेजारी बसवून घेतलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. स्पर्धेचं पान उघडलेलं. सगळ्या स्पर्धकांचे फोटो ओळीने, त्यात तू. तुझ्या बहिणीने कधीतरी उघडून दिलेलं ते पान त्यांनी बंदच केलं नव्हतं. इंग्रजी येत नाही, पण बोटाने सरकवत बरोबर तुझ्यापर्यंत जातात. तुझ्या अलीकडे कुणी जपानी मुलगी आहे, पलीकडे कुणी चष्मेवाला. त्यांची त्यांना ओळख झालीय. म्हणाल्या, "ही पोर रोज हासते. यो चष्मेवाला जरा घमेंडी दिसते."

मी मेलबद्दल सांगितलं. आडून आडून सांगायचं ठरवलं होतं, पण त्यांच्यापुढे जमलं नाही. सरळ सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "तू हो बोललीस का मंग त्याचा फोटू काढतील?"

मी त्याचा विचारच केला नव्हता. जावं की न जावं, लोक काय म्हणतील, तू काय म्हणाला असतास, सगळा विचार केला होता, एवढाच राहिला होता. मी म्हटलं, "हो आई. काढतील. माझा लावतील."

त्यांनी मोबाइल पदराने पुसला. मग म्हणाल्या, "मंग एवढ्यात नको लिवू. मना आजून बघवाचा हाय."

मी म्हटलं, "नाही लिहीत." आणि मनात म्हटलं, संपलं. नाही जायचं. खरं सांगू? फार वाईट वाटलं आणि त्याच वेळी मोकळंही वाटलं. तुझा फोटो माझ्या हाताने काढायचा नाही, एवढं तरी ठरलं. निघताना आत डोकावले. पियानोच्या पोटातला बल्ब बंद होता. लावावा की नाही, समजेना. नाही लावला. ते काम त्यांचं आहे.

गुरुवारभर मी ते पान उघडून बसले होते. तू त्या फोटोत किंचित डावीकडे पाहतोयस. तेव्हा डावीकडे मी उभी होते, फोटो काढणाऱ्याच्या शेजारी, आणि तुला म्हणत होते, हसू नको, गंभीर दिस, तिकडे हसऱ्यांना कमी समजतात. तू हसू आवरतोयस हे मला दिसतं. बाकी जगाला तो गंभीर पियानोवादक वाटत असेल. मी तुझ्या ओठांच्या कडेला बोट लावून पाहिलं, फोटो मोठा झाला आणि तू पुसट झालास.

आज शुक्रवार. दुपारी फोन वाजला. तुझ्या आईचा.

"आज सुक्करवार ना गं?"

"हो आई."

"लिवलंस?"

"नाही. तुम्ही नको म्हणालात ना."

"मी एवढ्यात नको बोलली. कवाच नको नाय बोलली." मागे कुणीतरी बाजाराच्या पिशव्या ठेवल्याचा आवाज आला. "आते माजा बघून झाला. मी जल्म दिला त्याला, मना काय तो फोटूत बघवा लागतो? तू लिव."

मी नुसतं हूं म्हटलं.

"आनि ऐक. तिथं तुला कोनी इचारलं, तू आधी नव्हतीस, आते कशी आलीस, तं काय सांगशील?"

मी म्हटलं, "खरं तेच सांगेन आई. तुमचा कल्पेश..."

"मेला नको बोलू," त्या म्हणाल्या. "ते समद्यांना म्हाईत असंल. तू बोल, त्याला यवाचा होता."